डोक्यावरचा हात

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या ख्रिस्ती घरांसाठी तयार झालेल्या या पुस्तिकेचा विषय एकच आहे. आईवडिलांनी, आजीआजोबांनी आपल्या मुलांना घरच्या घरी आशीर्वाद कसा द्यावा, एवढेच ती सांगते. इतक्या घरगुती गोष्टीवर पुस्तक कशाला, असे कोणीही विचारील. मी प्रस्तावना लिहायला होकार दिला तो त्याच कारणासाठी. ही गोष्ट आपल्या घरांतून निसटत चालली आहे, आणि त्याची चुटपुटही कोणाला लागलेली दिसत नाही.

आज आपल्याकडे मुलाला ताप आला की पाळकांना फोन जातो. दहावीची परीक्षा तोंडावर आली की मुलांना रविवारी मंदिरात पुढे उभे करतात आणि पाळकसाहेब सगळ्यांसाठी मिळून एक प्रार्थना करतात. नवी गाडी घेतली, मुलगा नोकरीला परगावी निघाला, मुलीचे लग्न ठरले, की पुन्हा पाळकांनाच बोलावणे. पाळकांनी यावे, प्रार्थना करावी, त्यात गैर काही नाही. पण पाळकांच्या नजरेला ते मूल आठवड्यातून तास-दोन तास पडते. रात्री झोपेत दचकून उठते तेव्हा त्याच्या उशाशी आई असते. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून देवाचे नाव घेण्याचा पहिला हक्क आईबापांचा आहे, आणि तो आपण आपणहून दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळे झालो आहोत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पवित्र शास्त्र उघडले तर आशीर्वाद आधी घरातच भेटतो. मंदिर, वेदी, याजक हे सगळे पुढचे. अहरोनाने इस्राएल लोकांना कोणत्या शब्दांत आशीर्वाद द्यावा हे गणना या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे, पण त्याच्या कितीतरी आधी तंबूत राहणारे म्हातारे बाप आपल्या मुलांना जवळ बोलावून आशीर्वाद देत होते. रिबका लग्नासाठी परमुलखात निघाली तेव्हा माहेरच्यांनी तिला आशीर्वाद देऊन पाठवले. लाबानाचे नाव चांगल्या माणसांत कोणी घेत नाही, पण तोसुद्धा लेकींचा आणि नातवंडांचा निरोप घेताना पहाटे उठून त्यांचे मुके घेतो आणि त्यांना आशीर्वाद देतो. मुलांच्या मेजवान्यांची फेरी संपली की ईयोब भल्या पहाटे उठून एकेकाच्या नावाने होमार्पण करी. मुले मोठी, आपापल्या घरची झालेली. तरी बापाची ही काळजी सुटली नव्हती.

इसहाकाच्या घरची गोष्ट मात्र प्रत्येक आईबापाने पुन्हा पुन्हा वाचावी, अशी आहे. इसहाक म्हातारा झाला होता, दृष्टी गेली होती. आईने धाकट्याच्या हातांवर करडांची कातडी बांधून त्याला पुढे केले. बापाने हात चाचपले आणि थोरल्याचा आशीर्वाद धाकट्याला दिला. शिकारीहून परतलेल्या एसावाला हे कळले तेव्हा तो मोठ्याने रडला, आणि बाबा, तुमच्याजवळ एकच आशीर्वाद होता का, असे विचारू लागला. हा प्रश्न मला आपल्या घराघरांत ऐकू येतो. वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीच्या पाठीवर थाप, आणि गणितात नापास झालेल्या तिच्या भावाला जेवताना बोलणी. गोऱ्या नातवाला मांडीवर, सावळ्या नातीला चहाचे कप उचलायला. आशीर्वाद म्हणजे घरातले एकुलते एक बक्षीस, ते एकालाच मिळायचे, अशा समजुतीवर चाललेल्या घरात एसाव दरवर्षी जन्मतो.

ज्याने लबाडीने आशीर्वाद घेतला तो याकोबही पुढे म्हातारा झाला, त्याचीही नजर गेली. मिसर देशात योसेफाने आपले दोन मुलगे त्याच्यापुढे आणले. आजोबाने आधी नातवांचे मुके घेतले, त्यांना पोटाशी धरले, आणि मग हात उलटसुलट करून दोघांच्या डोक्यांवर ठेवले. उजवा हात धाकट्यावर गेला म्हणून योसेफाला ते रुचले नाही. याकोबाने आपल्या घराचे जुने दुखणे पुरते बरे केले असे मला म्हणवत नाही, कारण तिथेही धाकटाच पुढे गेला. पण या वेळी रिकाम्या डोक्याने कोणी परतले नाही. ज्यू घरांत आजही शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ सुरू होताना बाप मुलग्यांना याच दोन नातवांची नावे घेऊन आशीर्वाद देतो, आणि मुलींना सारा, रिबका, राहेल आणि लेआ यांची.

प्रभू येशूने तर ही वाटणीच संपवली. मार्काच्या दहाव्या अध्यायात लोक मुले घेऊन येतात, शिष्य त्यांना दटावतात, येशू शिष्यांवर रागावतो. मग मुलांना कवेत घेतो, त्यांच्यावर हात ठेवतो, आशीर्वाद देतो. ती कोणाची मुले, कुठल्या आळीतली, अभ्यासात कशी, यातले काही विचारल्याचे मार्क सांगत नाही.

आता आपल्या मुलखाकडे येतो. घोडनदीच्या काठचे शिरूर हे इंग्रजी लष्कराच्या छावणीचे गाव. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ साली मुंबईत उतरले, १८३१ साली अहमदनगरला त्यांचे ठाणे झाले आणि पुढच्या दशकात ते शिरूरलाही आले. रेव्हरंड रिचर्ड विन्सर यांनी चालवलेली सर दिनशा पेटिट उद्योगशाळा ही शिरूरची जुनी ओळख. या मिशनने आपल्या पूर्वजांच्या घरात एक नवा नेम आणला, तो कौटुंबिक उपासनेचा. दिवेलागणीला सगळ्यांनी एकत्र बसायचे, ज्याला वाचता येते त्याने वचन वाचायचे, एक गीत म्हणायचे आणि गुडघे टेकायचे. शेतावर राबणाऱ्या, गावकुसाबाहेर राहिलेल्या घरांना या नेमाने केवढी उंची दिली, हे नव्याने सांगायला नको. बाई वाचू लागली, मूल वाचू लागले, आणि घरातल्या कर्त्या पुरुषाला बायकामुलांच्या शेजारी जमिनीवर गुडघे टेकावे लागले.

त्याच वेळी पहिल्या पिढीने काही सोडलेही. औक्षण सोडले, मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढणे सोडले, अंगारा सोडला. सोडायला हवे होते ते सोडले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मुलाला जवळ ओढून त्याच्या तोंडावरून हात फिरवायचा आणि आपल्या कानशिलांवर बोटे मोडायची, ही आजीची खोड काही बाप्तिस्म्याने गेली नाही. ती टिकली आणि तिच्यात हळूहळू येशूचे नाव आले. मला वाटते, आपल्याकडचा घरगुती ख्रिस्ती आशीर्वाद खरा इथे जन्मला. वचन मिशनकडून आले, हात आजीचाच राहिला.

माझी आजी शिरूर तालुक्यातली. तिला अक्षरओळख नव्हती, त्यामुळे उपासनेत वाचण्याचा मान कधी तिच्याकडे आला नाही. उपासना संपून सगळे उठले की तिचे काम सुरू होई. भिंतीला टेकून बसायची आणि एकेकाला हाक मारायची. भाकरी थापून खरखरीत झालेला तळवा टाळूवर पडायचा, त्याला कांद्याचा आणि गोवऱ्यांच्या धुराचा वास असायचा. आधी पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. मग त्या दिवसाचे काहीतरी: याच्या पायाला काटा लागलाय, हिला उद्या शाळेत कविता म्हणायचीय, याने आज खोटं सांगितलंय. शेवटी प्रभू, हे लेकरू तुझं, तू सांभाळ. खोटे बोलणाऱ्यालाही शेवटचे वाक्य तेच मिळायचे. आमेन आम्ही म्हणायचे, तिने नाही. आमेन ऐकल्याशिवाय हात उचलला जात नसे. मी पुढे ईश्वरविज्ञानाची बरीच पुस्तके वाचली, पण आशीर्वादाची याहून पुरती रीत मला कुठे मिळाली नाही. स्पर्श, नाव, आजची गोष्ट, देवाच्या हाती सोपवणे आणि मुलाचा होकार. पुस्तिकेतल्या सगळ्या प्रार्थनांचा सांगाडा हाच आहे.

शिरूरहून न्हावरे मार्गे दक्षिणेला निघाले की केडगाव चौफुला लागतो, आणि तिथून केडगाव स्टेशनाजवळ पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन. आईबापांच्या आशीर्वादाबद्दल लिहिताना ज्यांना आईबापच नाहीत त्यांचा विचार टाळता येत नाही, आणि आपल्या परिसरात तो विचार केडगावात जाऊनच करावा लागतो.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकवले. त्या आईने रमेला भल्या पहाटे उठवून, जवळ घेऊन शिकवले. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळात हे कुटुंब अन्नाला महाग झाले. होते ते सारे विकून, दान करून संपले होते. भीक मागणे शास्त्रीबुवांना मान्य नव्हते, तेव्हा त्यांनी जलसमाधी घ्यायचे ठरवले आणि निरोपासाठी मुलांना जवळ बोलावले. सोळा वर्षांची रमा सर्वांत धाकटी. अनंतशास्त्री आंधळे झाले होते. मुलीचा चेहरा दिसत नव्हता, म्हणून त्यांनी तिला घट्ट कवळले आणि तिच्या डोक्यावरून, गालांवरून हात फिरवत राहिले. तुटक शब्दांत त्यांनी तिला सांगितले की आपले तिच्यावर किती प्रेम आहे ते तिने विसरू नये, सन्मार्ग सोडू नये. आपण तिला देवाच्या हाती दिले आहे, आता ती त्याची, आणि जन्मभर तिने त्याचीच सेवा करावी. त्या दिवशी मुलगा श्रीनिवास पुढे झाला, मी मजुरी करीन म्हणाला आणि जलसमाधीचा बेत टळला. पण उपासमारीने खंगलेले वडील लवकरच गेले, पाठोपाठ आई गेली, थोरली बहीणही गेली.

हा प्रसंग रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवला आहे. तेव्हा त्यांचा बाप्तिस्मा होऊन बरीच वर्षे लोटली होती. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा आणि त्यांची लहानगी लेक मनोरमा हिचा बाप्तिस्मा झाला होता. आपले वडील ज्या देवाला ओळखत नव्हते, त्या देवाने त्यांची प्रार्थना नक्की ऐकली, असे रमाबाई तिथे निःसंकोच म्हणतात. हिंदू पित्याचा आशीर्वाद ख्रिस्ती लेकीने कित्येक वर्षे जपला आणि त्याची पूर्तता आपल्या आयुष्यात पाहिली. आपल्यापैकी अनेकांच्या पणज्या-खापरपणज्यांनी ख्रिस्ती नसताना आपल्या लेकरांना दिलेले आशीर्वाद काय वाया गेले असतील? मला तसे वाटत नाही, आणि रमाबाईंचा आधार घेऊन मी हे ठामपणे लिहितो.

इसहाक, याकोब, अनंतशास्त्री. तिघांनाही दिसत नव्हते, तिघांनीही हाताने लेकरू जवळ केले.

रमाबाईंनी हा हात पुढे किती जणींच्या डोक्यावर ठेवला! १८९६-९७ च्या आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांतातून आणि गुजरातेतून त्यांनी मुली आणल्या. १९०० साली मुक्तीत सुमारे पंधराशे जीव राहत होते. त्यांत कोणाची जात कोणती, कोणाला आपले गाव सांगता येई, कोणाला तेही नाही. या मुलींना अन्न, वस्त्र, हातमाग, छापखान्याचे काम, शाळा हे सारे मिळाले, ते इतिहासात नोंदलेले आहे. पण ज्यांना कोणी नावाने हाक मारणारे उरले नव्हते त्यांना नावाने हाक मारणारे माणूस मिळाले, हेही त्याच तोलाचे. रमाबाईंनी बायकामुलांना कळेल अशा सोप्या मराठीत अवघे बायबल आणायला घेतले, त्यातला नवा करार त्यांच्या हयातीतच निघाला आणि संपूर्ण बायबल त्यांच्यामागे, १९२४ साली. खिळे जुळवणारे हात मुक्तीतल्याच मुलींचे होते.

पोटची मनोरमा १९२१ च्या जुलैमध्ये गेली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. पण त्यांना आई म्हणणाऱ्या मुली हजारांनी उरल्या. म्हणून वसतिगृहाच्या मावशी, अनाथाश्रमातल्या ताई, सावत्र आई, मुलाला सांभाळणारे काका-काकू यांनी ही पुस्तिका आपल्यासाठी नाही असे समजू नये. रक्ताचे नाते ही आशीर्वादाची अट कधीच नव्हती. नगरला नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचे घरही असेच दुसऱ्यांच्या मुलांनी भरलेले असे.

दौंडची गोष्ट थोडी निराळी. १८७८ साली मनमाडकडे जाणारा फाटा सुरू झाला आणि भीमेकाठचे हे गाव जंक्शन झाले. रेल्वेने मराठी घरांच्या जोडीला गोव्याची, तमिळ, अँग्लो-इंडियन घरे आणली, आणि आपापल्या रीती घेऊन ती आली. गोव्याच्या कॅथलिक घरांत संध्याकाळचा तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, संपला की मुले हात जोडून एकेका वडीलधाऱ्याकडे जातात आणि बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागतात. मुलाने मागायचे आणि मोठ्यांनी द्यायचे, ही रीत मला फार आवडते. मराठी प्रॉटेस्टंट घरांत प्रार्थना पुष्कळ, पण मूल आपणहून आशीर्वाद मागायला येते असे कमी दिसते. आपण ते शेजाऱ्यांकडून घ्यायला हरकत नाही. कॅथलिक आईबाप मुलाच्या कपाळावर अंगठ्याने क्रुसाची खूण करतात, आणि १९८४ साली रोममध्ये निघालेल्या आशीर्वादविधींच्या ग्रंथाने आईबापांच्या या अधिकाराला जागा दिली आहे. क्रुसाची खूण ही कॅथलिकांचीच, असे म्हणणाऱ्या आपल्या मंडळींनी मार्टिन ल्यूथरची १५२९ ची लहान प्रश्नोत्तरावली पाहावी. घरच्या मंडळींनी सकाळी उठताना आणि रात्री निजताना क्रुसाची खूण करावी, असे त्यात त्याने सांगितले आहे.

मोठ्या मुलांनी लाजू नये म्हणून आणखी एक गोष्ट. इंग्लंडचा सर थॉमस मोर राज्याचा चॅन्सेलर झाला, देशातला सर्वांत मोठा न्यायाधिकारी. त्याची कचेरी होती त्याच इमारतीत त्याचे म्हातारे वडील खालच्या पदावर न्यायाधीश होते. मोर आपल्या कचेरीत जाण्याआधी वडिलांच्या न्यायालयात शिरे आणि भर लोकांत गुडघे टेकून त्यांचा आशीर्वाद घेई. याच्या उलट टोकाचे उदाहरण अलेक्झांड्रियाचे, दुसऱ्या शतकाच्या अखेरचे. ओरिजेन हा पुढे मोठा पंडित झाला. तो लहान असताना त्याचे वडील लिओनिदेस रात्री त्याच्या अंथरुणाशी येत आणि झोपलेल्या मुलाच्या छातीचा मुका घेत, इथे पवित्र आत्मा राहतो म्हणून. त्या बापाला पुढे विश्वासासाठी मरण आले. एक मुलगा जागा, दुसरा झोपलेला. आशीर्वाद दोन्ही वेळी पोचतो.

आजच्या दौंडमध्ये आणि शिरूरमध्ये बापाला मूल जागे सापडणेच मुश्कील झाले आहे. गाडीवरचा गार्ड किंवा लोको पायलट रात्री अडीचला घरी येतो. राज्य राखीव पोलीस दलातला जवान बंदोबस्ताला महिनाभर बाहेर असतो. कुरकुंभच्या आणि रांजणगावच्या एमआयडीसीत पाळ्या फिरत्या, एका आठवड्यात दिवस, दुसऱ्यात रात्र. अशा घरांत सगळ्यांनी दिवेलागणीला एकत्र बसा, हा जुना उपदेश चालत नाही आणि तो देऊन आईबापांना अपराधी वाटायला लावणेही बरोबर नाही. पुस्तिकेत म्हणून अगदी लहान प्रार्थना दिल्या आहेत, एक-दोन वाक्यांच्या. शाळेची बस यायच्या आधी दप्तर अडकवताना म्हणता येतील, फोनवर म्हणता येतील, झोपलेल्या मुलाच्या उशाशी उभे राहून बूट काढायच्या आधी म्हणता येतील. लांबीला देव भुलत नाही.

काही सावधगिरीच्या गोष्टी मला इथेच सांगितल्या पाहिजेत. आशीर्वाद हा दोरा-ताईत नाही. ताप एकशे दोन असेल तर डोक्यावर हात ठेवा आणि त्याच हाताने मुलाला उचलून दवाखान्यात न्या. बारावीच्या मुलाला अमुक टक्के पडोत असा आशीर्वाद देऊ नका. टक्के पडले नाहीत तर ते मूल देवाकडेही तोंड वर करून पाहणार नाही. आशीर्वादाच्या आडून उपदेश आणि टोमणे नकोत. आजी आमचे खोटे देवापुढे सांगायची, पण आम्हाला हिणवायची नाही; हा फरक मुलांना बरोबर कळतो. वयात आलेला मुलगा किंवा मुलगी डोक्याला हात लावू देत नसेल तर जबरदस्ती करू नका, शेजारी बसून नाव घ्या. ज्या हाताने संध्याकाळी मारले तोच हात रात्री डोक्यावर ठेवायचा असेल, तर आधी मुलाची माफी मागा. आणि दारू पिऊन आशीर्वाद देऊ नये, हे लिहावे लागते याचे वाईट वाटते, पण ते लिहिणे गरजेचे आहे.

एक प्रश्न मला हमखास विचारला जातो, की घरात पुरुष असताना बाईने आशीर्वाद द्यावा का? द्यावा. आपल्या मुलखात ही रीत बायकांनीच जिवंत ठेवली आहे. विधवा, टाकलेली, नवरा परगावी असलेली, कोणतीही आई पूर्ण अधिकाराने हे करू शकते, तिला कोणाच्या परवानगीची गरज नाही. तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा करावा की नुसते अर्पण, यावर आपल्या मंडळ्यांत मतभेद आहेत आणि ते लवकर मिटतील असे दिसत नाही. घरचा आशीर्वाद त्या वादात येत नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची मंडळी असोत, कॅथलिक असोत वा पेंटेकॉस्टल, ही पाने सर्वांना सारखीच वापरता येतील.

संपादकांनी प्रसंगांप्रमाणे प्रार्थना लावल्या आहेत: शाळेचा पहिला दिवस, आजारपण, वाढदिवस, परीक्षा, प्रवास, पहिला पगार, लग्नाची आदली रात्र, मुलीला निरोप. माझ्या मते सर्वांत मोलाचे पान आहे ते नापास झालेल्या मुलासाठीचे आणि घर सोडून गेलेल्या मुलासाठीचे. तिथून वाचायला सुरुवात केलीत तरी चालेल. भाषा बोलण्यातली ठेवली आहे, आणि तीही तशीच्या तशी म्हणण्याचे बंधन नाही. आपल्या घरात ज्या बोलीत मुलाला रागावता, त्याच बोलीत आशीर्वाद द्या.

शेवटी कोरी पाने सोडली आहेत. त्यांवर आपल्या घरातल्या प्रत्येक मुलाचे पूर्ण नाव लिहा. जे दूर आहे, जे बोलत नाही, जे मंदिरात येत नाही त्याचेही. पुस्तिका कपाटात बायबलाखाली ठेवून देऊ नका, ती मुलांच्या अंथरुणाजवळ असू द्या, आणि आज रात्रीपासूनच सुरुवात करा.